पोळ्याचे बाशिंग आणि आपली रसिकता

यवतमाळ जिल्ह्याचे नाव निघाले की महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते : कोरडवाहू कापूस, कर्ज आणि आत्महत्या. हे चित्र खोटे नाही. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवले. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होते. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने येथील शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे बळी घेतले. या दुःखाची नोंद झालीच पाहिजे. परंतु ज्याची नोंद केवळ दुःखाच्या रकान्यात होते, तो हळूहळू माणूस म्हणून दिसेनासा होतो. तोही थट्टा करतो, रंग निवडतो, ताटातल्या पदार्थाचा आकार कसा असावा याचा विचार करतो, याचा आपल्याला विसर पडतो.

सौंदर्याची ओढ पोट भरल्यावरच लागते, असा आपल्या मध्यमवर्गीय मनाचा एक पक्का समज आहे. तो तपासायचा असेल तर श्रावण अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, या जिल्ह्यातील एखाद्या गावाच्या आखरावर जाऊन उभे राहावे. आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी झालेली असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-लोणी लावून शेकायचे आणि बैलाला उद्याच्या जेवणाचे रीतसर आमंत्रण द्यायचे, असा हा विधी. पाहुण्याला द्यावे तसे बैलाला आमंत्रण! दुसऱ्या दिवशी त्याला न्हाऊमाखू घालून अंगावर गेरूचे ठिपके काढले जातात. शिंगांना रंग आणि बेगड, गळ्यात कवड्या-घुंगरांच्या माळा, पाठीवर झूल आणि कपाळावर चक्क नवरदेवाचे बाशिंग. या ठिपक्यांनी एकरी उत्पन्न वाढत नाही. बेगडाची शिफारस कोणत्याही कृषी विद्यापीठाने केलेली नाही. तरीही उधारीवर बियाणे आणणारा शेतकरी आपल्या बैलाच्या शिंगांना कोणता रंग शोभेल, यावर दुकानात बराच वेळ घालवतो.

आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की सुरू होतात झडत्या. हा वैदर्भीय लोकप्रतिभेचा खास अलंकार होय. एका टोकाकडून कोणी यमकबद्ध ओळी खणखणीत आवाजात म्हणतो, दुसऱ्या टोकाकडून त्याला तितकेच तिरकस उत्तर येते आणि शेवटी महादेवाचा गजर होतो. कापसाचा भाव, रुसलेला पाऊस, सावकाराची वही, गावच्या पुढाऱ्याची आश्वासने, शेजाऱ्याचा मरतुकडा बैल, काहीच या तडाख्यातून सुटत नाही. ज्याच्यावर झडती पडली, तोही हसतो. हसण्याने कर्ज फिटत नाही, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. परंतु जे दुःख घरात एकट्याला बोलवत नाही, ते येथे चारचौघांत यमक लावून बोलता येते. एकटेपणाने माणूस खचतो, हे मान्य असेल, तर या सामूहिक हशाचे मोल निराळे सांगावे लागू नये.

जे आखरावर, तेच स्वयंपाकघरात. उन्हाळ्यात या भागातील बायका सरगुंडे करतात. गव्हाची भिजवलेली कणीक लांब दोरीसारखी वळून बारीक काडीवर गुंडाळायची, अलगद काढून वाळवायची आणि आमरसाबरोबर वाढायची. त्याच गव्हाची पोळीही करता आली असती, पोट तेवढेच भरले असते. मग हा नाजूक वेटोळ्यांचा खटाटोप कशासाठी? रस त्या वेटोळ्यात शिरतो म्हणून, आणि ताटातले ते रूप पाहून पोरे खुदकन हसतात म्हणून! पुसद-दिग्रस भागातील बंजारा तांड्यांवर जावे, तर तेथेही तोच आग्रह दिसेल. रोजच्या वापराची पिशवीदेखील आरसे, कवड्या आणि रंगीत टाके यांच्याशिवाय पूर्ण झाली, असे त्या हातांना वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल की, हे दारिद्र्याचे उदात्तीकरण आहे. तसे ते होता कामा नये. रंगवलेले शिंग रास्त भावाला, सिंचनाला वा वेळेवर मिळणाऱ्या कर्जाला पर्याय नाही. परंतु दुःख आणि रसिकता एकाच घरात नांदू शकतात, याची साक्ष याच भूमीने दिली आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. शेतकरी पतीच्या आत्महत्येचा आघात सोसलेल्या या भगिनीने शेतकरी विधवांच्या जीवनावरील ‘तेरवं’ या नाटकात भूमिकाही केली. कला हे सुखवस्तू माणसाचे फावल्या वेळचे काम आहे, असे त्यांच्यासमोर कोण म्हणू शकेल?

खरी चिंता वेगळी आहे. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, कारण बैलजोडी वर्षभर पोसणे आज सोपे राहिलेले नाही. पण बैलाबरोबर झूल शिवणारे हात, झडत्या रचणारी जीभ आणि सरगुंडे वळणारी बोटेही निघून गेली, तर गावात केवळ उत्पादन उरेल. शहरांत तान्हा पोळा उत्साहाने होतो, मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात, हे चांगलेच आहे. मात्र सजावट बाजारातून आयती आणून बक्षीस मिळवण्यापुरता तो उरू नये. नंदीची झूल मुलानेच शिवावी, वेडीवाकडी झाली तरी चालेल. आपल्या वस्तूवर आपला हात फिरवण्याचा आनंद एकदा कळला, की दुकानातल्या महागड्या शोभेच्या वस्तूंचे आकर्षण आपोआप ओसरते.

येत्या पोळ्याला म्हणूनच शहरातल्या कुटुंबांनी मुलांना घेऊन आपल्या किंवा नातलगांच्या गावी जावे. तोरणाखाली उभे राहून झडत्या ऐकाव्यात, म्हणणाऱ्याच्या नावानिशी वहीत उतरवून घ्याव्यात. बैल घेऊन कोणी दाराशी आला, तर त्याच्या हातावर बोजारा ठेवावा आणि शिंगांचा रंग फार छान साधला आहे, असे त्याला मनापासून सांगावे. त्याला सहानुभूतीचे चार शब्द अनेकांनी ऐकवले आहेत. त्याच्या रसिकतेला मात्र आजवर फार थोड्यांनी दाद दिली आहे.