पाटी पडली, घर पाडा

‘फॉरमॅट मारावा लागेल.’ घरगुती संगणक दुरुस्त करणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत एवढा एकच मंत्र शिकवला जातो की काय, अशी मला शंका आहे. वैद्याकडे एकच पुडी असावी आणि ती विषाची असावी, असा हा प्रकार.

माझे काका ७८ वर्षांचे. नऊ वर्षं खपून त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत टंकला होता. मोडीतले कागद लावून घेतले, चार शाखांच्या लोकांना फोन करकरून जन्मसालं मिळवली, सारं एका जुन्या मराठी फाँटात, दोन बोटांनी. एका रात्री संगणक चालू असतानाच वीज गेली. सकाळी पाहतात तर डेस्कटॉप कोरा. नातवाचा फोटो गायब, फोल्डर गायब. कोपऱ्यातल्या दुकानातल्या पोराला बोलावलं. ‘काका, तुमचं अकाउंट उडालं. डेटा गेला.’ आणि पुढे तो मंत्र. मला कळलं तिसऱ्या दिवशी.

मुळात डेटा गेलाच नव्हता! अशा वेळी जाते ती दारावरची पाटी. विंडोजमध्ये प्रत्येक माणसाचं सामान सी ड्राइव्हवरच्या ‘यूजर्स’ फोल्डरात, त्याच्या नावाच्या खणात असतं. कोणाचा खण कोणता, याची नोंद वेगळ्या ठिकाणी, रजिस्ट्रीतल्या ‘प्रोफाइललिस्ट’मध्ये. वीज अवेळी गेली आणि ही नोंद बिघडली, किंवा खणातली ‘एनटीयूजर डॅट’ ही फाइल वाचता आली नाही, की विंडोज तुम्हाला धर्मशाळेतल्या खोलीत नेऊन बसवतं. तिला म्हणतात टेम्पररी प्रोफाइल. तिथं ठेवलेलं सगळं तुम्ही बाहेर पडताच झाडून टाकलं जातं. तुमचं खरं घर मात्र शेजारी सामानासकट उभं असतं.

त्यासाठी करायचं काय? ‘यूजर्स’ उघडून बघायचं. बस्स. जुनं फोल्डर दिसलं की ते आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं, नवं अकाउंट काढायचं आणि सामान त्यात मांडायचं. ज्याचा हात बसलाय त्यानं ‘प्रोफाइललिस्ट’मध्ये जावं. तिथं एकाच लांबलचक क्रमांकाच्या दोन नोंदी आणि एकीला ‘डॉट बॅक’ असं शेपूट दिसलं, तर त्यांच्या नावांची अदलाबदल केल्यावर जुना डेस्कटॉप पुष्कळदा जसाच्या तसा परत येतो. विंडोज सुरूच होत नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून फायली काढता येतात. अर्ध्या तासाचं काम. पण अर्ध्या तासाला पैसे मागायचे तर त्या वेळात डोकं चालवावं लागतं. फॉरमॅट आपोआप होतो, तोवर चहा पिता येतो.

विंडोज बनवणारेही साव नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर कित्येकांचे डेस्कटॉप असेच कोरे झाले होते. फायली होत्या तिथंच, फक्त फोल्डराच्या नावाला ‘डॉट बॅक’ किंवा ‘डॉट शून्य शून्य शून्य’ चिकटलेलं. या तात्पुरत्या खोलीत गेल्यावर विंडोज १० जी सूचना दाखवतं, ती सांगते की आता बनवाल त्या फायली नष्ट होतील. जुन्या कुठे आहेत, यावर चकार शब्द नाही. ७८ वर्षांच्या माणसानं इंग्रजीतलं ‘फाइल्स’ आणि ‘लॉस्ट’ एवढंच वाचलं, तर चूक कोणाची?

एका बाबतीत मात्र दुकानवाल्याचं ‘डेटा गेला’ खरं ठरू शकतं, आणि तिथंही तोच आडवा येतो. विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्यांदा मांडतानाच ऑनलाइन अकाउंट मागते. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं मांडलेल्या संगणकाची डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंदही होते. किल्ली ४८ अंकी, आणि ती ठेवलेली त्याच ऑनलाइन अकाउंटमध्ये. ते अकाउंट काढलं कोणी? दुकानातल्या पोरानं. ईमेल त्यानंच रचलेला, पासवर्ड त्यालाच आठवत नाही. गिऱ्हाइकाला आपल्या नावाचं असं काही आहे, याचाही पत्ता नसतो.

काकांच्या डिस्कला तसलं कुलूप नव्हतं. तरी हाती काही लागलं नाही. पूर्वीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही उकरून काही मिळायचं. काकांकडे एसएसडी. तिच्यावर फॉरमॅट होताच ‘ट्रिम’चा हुकूम सुटतो आणि रिकाम्या ठरलेल्या जागा डिस्क स्वतःच पुसायला घेते. त्यात वर नवं विंडोज. मी दोन रात्री जागलो, मिळाल्या त्या विंडोजनं स्वतःच आणलेल्या वॉलपेपरच्या फायली. तो मराठी फाँटसुद्धा गेला.

दुकानात जाऊन विचारलं, ‘यूजर्स फोल्डर बघितला होतास?’

‘सर, अकाउंटच नव्हतं, तर फोल्डर कुठून असणार?’ वर त्यानंच मला सुनावलं, ‘काकांनी बॅकअप ठेवायला पाहिजे होता.’

काकांनी बिल जपून ठेवलंय. विंडोज टाकणे, ५०० रुपये. डेटा रिकव्हरी, २०० रुपये.