गुलाबी पाणी आणि रिकामी घरं

ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत माझ्या टीम लीडने मला मस्कोकाला नेलं. टोरांटोच्या उत्तरेला, गाडीने दोन-अडीच तास. तळ्याकाठचं कॉटेज हिवाळ्यासाठी बंद करायचं होतं आणि त्याला एक हात कमी पडत होता. फोटो बरे मिळतील म्हणून मी लगेच हो म्हटलं.

काम मात्र फोटोपेक्षा भारी निघालं. तळ्यातून पाणी ओढणारा पंप बंद करून रिकामा केला. गिझरची टाकी उपसली, सगळे नळ उघडे टाकले. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, त्यामुळे पाइपात कुठे थोडं जरी राहिलं तरी जानेवारीत पाइप फुटतो. मग बेसिन, शॉवर, कमोड, प्रत्येकाच्या वळणात गुलाबी अँटिफ्रीझ ओतलं. फ्रिजच्या दारात टॉवेल अडकवला, म्हणजे आत बुरशी धरत नाही. उंदरांच्या भीतीने पीठ, साखर, अगदी साबणसुद्धा गाडीत भरला. मे महिन्यापर्यंत टाटा.

हे सगळं ज्याच्या देखरेखीखाली चाललं होतं तो प्लंबर त्या आठवड्यात रोज अशी घरं बंद करत होता. स्वतः राहतो बहिणीच्या गॅरेजवरच्या खोलीत. गावात वर्षभरासाठी भाड्याने घर मिळत नाही. मिळालं तर जूनमध्ये खाली करायच्या अटीवर, कारण उन्हाळ्यात पर्यटक आठवड्याला जास्त देतात.

टोरांटोत ठोस कारणाशिवाय घर वर्षातून सहा महिन्यांहून जास्त रिकामं ठेवलं, तर महापालिका कर लावते. 2024 पासून तो सरकारी मूल्यांकनाच्या 3 टक्के आहे. इथे तळ्याकाठी सात महिने रिकामं ठेवलं की त्याला परंपरा म्हणायचं!

तुम्ही म्हणाल, ही घरं थंडीत राहण्यासारखी बांधलेलीच नसतात. मान्य. तिथे कुणाला नेऊन ठेवा असं मी म्हणतच नाही. टीम लीड म्हणाला, आम्ही मालमत्ता कर भरतो आणि सोयी वापरतो जेमतेम पाच महिने. हेही खरं. पण त्या पाच महिन्यांत प्लंबर, नर्स, दुकानातली पोरं लागतात ना? मग तळ्याकाठच्या या दुसऱ्या घरांवर जादा कर लावा आणि त्या पैशातून त्या लोकांसाठी वर्षभराची घरं बांधा. ज्याला दुसरं घर परवडतं, त्याला एवढं परवडायला हवं.

हे मी कुठल्या तोंडाने बोलतोय? वाकडला माझ्या नावावर टूबीएचके आहे. हप्ता मी भरतो, किल्ली बाबांकडे. चार वर्षं बंद, कारण 'भाडेकरू भिंती खराब करतात'. आई महिन्यातून एकदा जाऊन प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओतून येते. वळणातलं पाणी आटलं की वास येतो, झुरळं येतात. गुलाबी नसलं तरी काम तेच. आणि त्याच बिल्डिंगचा वॉचमन बायको-पोरांसह जिन्याखाली राहतो.

बाबांना सांगितलंय, हप्ता माझा तर भाडेकरूही मीच ठरवणार, जानेवारीपासून. सध्या अबोला आहे.