दुखवट्याला गेलात तर त्याचंही ऐका

घरात कुणी गेलं की भेटायला आलेल्या बायका आत जाऊन घरच्या बायकांना जवळ घेतात, रडू देतात. बाहेर घरच्या कर्त्याजवळ बसलेले पुरुष दहावा कुठे करणार एवढं विचारतात आणि उठताना म्हणतात, ‘तुम्हीच खचलात तर घरच्यांनी कुणाकडे बघायचं?’ आपल्याला वाटतं, आपण धीर दिला. खरं तर आपण त्याचं तोंड बंद करून येतो.

अशा माणसाची गत अंतोन चेखव या डॉक्टर लेखकानं १८८६ साली एका छोट्या कथेत मांडली. इओना हा पीटर्सबर्गचा म्हातारा गाडीवान. त्याचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात वारलाय. एक लष्करी अधिकारी ‘कशानं गेला?’ विचारतो खरा, पण थोड्याच वेळात डोळे मिटून घेतो. तीन टवाळ पोरं इओनाला शिव्या देतात, मारतात. मुक्कामावर एक जोडीदार गाडीवान पाणी पितो आणि इओनाचं न ऐकताच पुन्हा झोपतो. शेवटी इओना तबेल्यात जाऊन सगळं घोडीला सांगतो. मुलगा आजारी कसा पडला, त्याला किती त्रास झाला, जाण्याआधी तो काय बोलला, हे त्याला कुणालातरी सावकाश सांगायचं असतं.

म्हणून भेटायला जाल त्या घरच्या कर्त्यालाही तेच विचारा. शेवटचे दिवस कसे गेले? काय बोलणं झालं? विचारलंत तर ऐकायलाही थांबा. त्याचे डोळे भरले तर विषय बदलू नका, उपदेश करू नका, दारूची बाटली पुढे करू नका. तेरावं झाल्यावर घर रिकामं होतं. तेव्हा पुन्हा जा. समोरासमोर बसून त्याला बोलता येत नसेल, तर फिरायला न्या.

आणि पुरुषांनो, एका तरी माणसापाशी मन मोकळं करा. मग तो मित्र असो, बहीण असो वा बायको.

मनातलं दाबून ठेवणं कधी जिवावरही बेतू शकतं. आत्महत्येची कारणं अनेक असतात, पण २०२२च्या सरकारी नोंदींत असा जीव देणाऱ्या दर दहा जणांत सुमारे सात पुरुष आहेत. कुणी ‘आता जगण्यात राम नाही’ म्हणाला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर फोन लावून द्या. ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.