ट्रान्सफर केस उघडायच्या आधी

मुळशी, भोर, महाडकडच्या घाटात जुनी जिप्सी वापरणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. मृगाचा पाऊस लागायच्या आत गाडीचा फोर बाय फोर एकदा लावून बघा. वर्षभर ती छोटी दांडी कुणी हलवत नाही आणि पहिल्या चिखलात हलवली की मागची चाकं रुततात, पुढची नुसती उभी. मग गाडी गॅरेजला जाते आणि ‘ट्रान्सफर केस खाली घ्यावी लागेल’ असं ऐकायला मिळतं. आम्ही ते ऐकलं. केस उघडली, बेअरिंगं बदलली, पैसे मोजले; गाडी होती तशीच. दोष निघाला पुढच्या डाव्या हबमध्ये. म्हणून सांगतो, तपासायला चाकापासून सुरुवात करा आणि मग आत जा.

हाताने लावायचे हब असतील तर पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी फिरवायची चकती असते, फ्री आणि लॉक. पुढचा डिफरन्शियल साधा असतो. जिकडे अडथळा कमी तिकडे तो फिरतो. त्यामुळे एकच हब धरत नसला तरी त्या बाजूचा शाफ्ट आतल्या आत गरगरतो आणि दुसऱ्या, धडधाकट चाकालाही जोर मिळत नाही. डॅशबोर्डवरचा दिवा मात्र पेटलेला असतो. तो दिवा दांडी बसल्याचं सांगतो, हबचं काही सांगत नाही. त्याच्या भरवशावर ओढ्यात गाडी घालू नका.

खात्री घरीच करता येते. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. दांडी टू-एचवर (फक्त मागच्या चाकांना जोर), दोन्ही हब लॉक. पुढचं एक चाक जॅकने उचला आणि खाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणीही डोकं घालायचं नाही. आता चाक हाताने फिरवा. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट सोबत फिरला तर हब धरताहेत. चाक फिरतंय आणि शाफ्ट गप्प, तर दोनपैकी एक हब किंवा आतला एक्सल दगा देतोय. शाफ्ट फिरत असेल तर दांडी फोर-एचला (चारही चाकांना जोर) टाका, बसली नाही तर चाक किंचित हलवत बसवा. थोडी ढिलाई सोडली तर चाक आता अडलं पाहिजे. अडलं, तर ट्रान्सफर केसला हात लावायचं कारण उरत नाही.

हब धरत नसेल तर बहुतेक वेळा आत वाळलेलं ग्रीस आणि गाळ असतो. खोलून डिझेलने धुवा, कोरडा करा, ग्रीसचा पातळ थर द्या. ठासून ग्रीस भरलं की तो पुन्हा अडकतो.

दांडी फोर-एचवरून निघतच नसेल तर हातोडा, पाइप काही लावू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि या गाड्यांना मधला डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर चालवली की पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि दाते आवळून बसतात. सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, सुटते. चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असले तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ बसतो.

ट्रान्सफर केसचं किंवा एक्सलचं तेल बदलताना भरायचा बोल्ट आधी सैल करा, मगच खालचा काढा. तेल सांडून गेलं आणि वरचा बोल्ट गंजून बसला तर गाडी जागेवरच अडकते. तेल दुधी दिसलं तर पाणी शिरलंय. अशा वेळी एक्सलचा ब्रीदर बघाच: तो तुंबलेला असला की गरम हाउसिंग ओढ्यात थंड होताना सीलमधून पाणी आत खेचतं.

दांडी चालताना आपोआप सुटत असेल, किंवा केसच्या तेलात धातूचे तुकडे निघाले, तर मात्र केस उघडायला वेळ लावू नका.

बाकी महिन्यातून एकदा कच्च्या, मऊ रस्त्यावर हब लॉक करून फोर-एचमध्ये दोन-तीन किलोमीटर चालवा. पुढच्या एक्सलमधलं तेल सीलपर्यंत फिरतं आणि दांडी गंजत नाही.