बेनंबरी बंदुका आणि कायद्यातील फट

बंदुकीवरचा अनुक्रमांक नेमका कोणत्या भागावर कोरला जावा, हा प्रश्न वरवर पाहता कारखान्यातील मुकादमाच्या अखत्यारीतला वाटतो. पक्षाच्या साप्ताहिकाने त्यासाठी जागा का खर्चावी, असेही कोणी विचारील. परंतु कायद्याच्या तांत्रिक तपशिलात भांडवलाचे हितसंबंध कसे दडून बसतात, याचा अमेरिकेतील या वादाइतका उघड नमुना क्वचितच सापडेल.

१९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या टपालाने मागविलेल्या रायफलीने झाली. पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी मारले गेले, आणि त्याच वर्षी संमत झालेल्या बंदूक नियंत्रण कायद्याने प्रत्येक उत्पादकावर व आयातदारावर अनुक्रमांकाची सक्ती केली. हा क्रमांक सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर किंवा रिसीव्हरवर हवा. नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो. सांगाडा तेवढा बंदुकीचे कायदेशीर अस्तित्व धरून असतो. २००२ पासून तर क्रमांकाची खोली निदान इंचाच्या तीन सहस्रांश असावी, इतका काटेकोर नियम झाला. मात्र लोखंडाचा वा प्लॅस्टिकचा तुकडा सांगाडा केव्हा ठरतो, हे मोघमच राहिले.

त्या मोघमपणातूनच एक धंदा उभा राहिला. 'ऐंशी टक्के' तयार सांगाडे बाजारात आले. दोन-चार भोके पाडणे, थोडे घासणे एवढे काम गिऱ्हाइकाने घरी करावयाचे. विकलेली वस्तू बंदूक नव्हेच, असा युक्तिवाद असल्याने क्रमांकही नाही आणि गिऱ्हाइकाच्या पूर्वेतिहासाची चौकशीही नाही! माग काढण्यासाठी पोलिसांनी केंद्राकडे पाठविलेल्या अशा बंदुका २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या. २०२१ मध्ये त्या १९,००० हून अधिक झाल्या. २०२२ मध्ये सरकारने नियम बदलून असे संचही कायद्याच्या कक्षेत आणले, तेव्हा विक्रेते न्यायालयात धावले. २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांचा आक्षेप फेटाळला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती गॉर्सच हे काही डाव्या विचारांचे नव्हेत. पण एका संचाची बंदूक जोडण्यास नवख्या माणसाला एकवीस मिनिटे लागली, ही वस्तुस्थिती त्यांनाही नाकारता आली नाही.

तथापि क्रमांक कोरला म्हणजे कार्य संपले असे नव्हे. क्रमांकामागे नोंदवही लागते, आणि बंदूकधारकांची मध्यवर्ती नोंदवही ठेवण्यास १९८६ च्या कायद्याने अमेरिकेच्या संघ सरकारला मनाई आहे. परिणामी माग काढावयाचा तर कारखानदार, घाऊक व्यापारी, दुकानदार अशी एकेक पायरी उतरावी लागते. २००५ च्या कायद्याने कारखानदारांना भरपाईच्या दाव्यांपासून मोठे संरक्षणही मिळाले. क्रमांक खरवडून काढता येणार नाही अशी रचना कंपन्या करीत नाहीत, ही मेक्सिकोने त्यांच्यावरील दाव्यात केलेली एक तक्रार होती. जून २०२५ मध्ये तोच दावा सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अमान्य केला.

आपल्याकडे हत्यार कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ८ प्रमाणे निर्मात्याचे नाव, क्रमांक वा अन्य ओळखखूण नसलेले अग्निशस्त्र विकता येत नाही. खूण पुसलेले शस्त्र ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच ती पुसली असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. २०१९ च्या दुरुस्तीने खूण नसलेल्या शस्त्रांची ने-आण व खरेदी-विक्री बेकायदा तस्करीच्या व्याख्येत घेतली आणि तिला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. कागदावर हे सारे कडक आहे. पण गावठी कट्टा जन्मतःच बेनंबरी असतो. मुंगेरच्या परवानाधारक कारखान्यांतील काम आटत गेले तसतसे तेथील पिढीजात कसब चोरट्या कामाकडे वळले. शिक्षेची तलवार लटकते ती त्या कारागिरावर आणि कट्टा बाळगताना सापडलेल्या पोरावर. माल मागविणारा सावकार, बाहुबली, कट्टर संघटनांचा हस्तक पडद्याआडच राहतो.

याची किंमत आपल्या चळवळीने मोजली आहे. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर, २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे व प्रा. कलबुर्गी, २०१७ मध्ये गौरी लंकेश. कलबुर्गी आणि गौरी यांच्यावरील गोळ्या एकाच ७.६५ मिलिमीटरच्या गावठी पिस्तुलातून सुटल्या, हे कर्नाटकच्या विशेष तपास पथकाला गोळ्या-पुंगळ्यांवरील ओरखड्यांवरून मांडावे लागले. क्रमांकाच्या आधाराने विक्रेत्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेथे नव्हतीच.

म्हणून केवळ शिक्षा वाढविल्याच्या घोषणांवर आपण समाधान मानू नये. नळ्या व सुट्या भागांसाठी लागणारा माल कोठून येतो, त्याचा हिशेब सरकारने ठेवावा. कारागिरांना सरकारी शस्त्र कारखान्यांत वा अन्य यंत्रोद्योगात काम द्यावे. आणि विधिमंडळातील आपल्या प्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात एवढे तरी विचारावे: गेल्या पाच वर्षांत राज्यात जप्त झालेल्या बंदुकांपैकी किती क्रमांकित होत्या, कितींचे क्रमांक खरवडलेले होते, आणि किती प्रकरणांत तपास विकणाऱ्यापर्यंत पोहोचला?