पेट्रोलची टाकी आणि उसाचा हिशेब

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून पारावर तक्रार ऐकू येते : 'गाडीचं अ‍ॅव्हरेज गेलं.' ऊस आपला, तेव्हा ही तक्रार दाबावी, असे आपल्यातल्या काहींना वाटते. आम्हाला ते पटत नाही. पंपावरच्या रांगेत उभा असतो तोही शेतकरीच.

तक्रार खरी आहे. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन; एक किलो पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या वजनात ३५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आधीच बसलेला. म्हणजे थोडे जळूनच आलेले इंधन! त्याला किलोमागे नऊ किलो हवा पुरते, पण लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. जुन्या कार्बोरेटरला हे काय कळणार? तो जुन्याच मापाने इंधन सोडतो, हवा जास्त पडते. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या दुचाकीचे अ‍ॅव्हरेज ३-४ टक्के आणि चारचाकीचे ६-७ टक्के घटेल, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिले होते. (पावसाळ्यात टाकीचे झाकणही घट्ट ठेवा. इथेनॉल पाणी ओढते आणि पाणी जास्त झाले की त्याच्यासकट तळाला बसते.)

दुसरी बाजूही तितकीच खरी. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने आपोआप पेटले, की इंजिन ठोकते. ते थांबवायला १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिसे घातले गेले. आपल्याकडे ते २००० साली बंद झाले. इथेनॉल तेच काम त्या विषाशिवाय करते. फायदा मात्र जास्त दाबाच्या नव्या इंजिनाला, जुन्या फटफटीला नाही.

मिरज आणि मनमाडला २००१ साली मिश्रणाचा प्रयोग झाला. तेव्हापासून इथेनॉल ऊसवाल्याच्या भल्यासाठी, असे सांगतात. मग ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, रसापासून इथेनॉल करायला बंदी कोणाच्या भल्यासाठी घातली? साखर स्वस्त राहावी म्हणून! आठवड्याभरात ती थोडी सैल केली, पुढच्या हंगामासाठी उठवली. तोवर आसवन्या उभारलेल्या कारखान्यांचा हिशेब कोलमडला होता आणि त्याची झळ उसाच्या बिलालाच.

मिश्र पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावे, असेही त्याच अहवालात म्हटले होते. आमचे मागणे तेवढेच : उष्णता कमी तर भाव कमी, जुन्या गाडीवाल्याला पंपावर कमी इथेनॉलचे पेट्रोलही मिळावे, आणि हंगामाच्या मध्यात बंदी नको.