'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आवडला? आता खरी 21 मिनिटं पाहा

पहूर : रॉक संगीतावरचा आवडता सिनेमा कोणता, असं विचारलं की आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर एकच नाव येतं, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (2018). माझं मत वेगळं आहे.

सिनेमात 'क्वीन' बँड फुटलेला, फ्रेडी मर्क्युरीला एचआयव्हीचं निदान झालेलं आणि मग लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर 'लाइव्ह एड'. प्रत्यक्षात ही कॉन्सर्ट 13 जुलै 1985 ची. त्याच मे महिन्यात बँड जपानमध्ये दौऱ्यावर होता. निदानाचं वर्ष 1987 सांगितलं जातं. प्रेक्षकांना रडवायला घटनाच पुढे-मागे केल्या!

गरज काय होती? मूळ चित्रीकरण यूट्यूबवर आहे. पहूरच्या स्टँडवर जळगाव बसची वाट पाहताना परवा पुन्हा पाहिलं. आजाराचा विषयच नाही, तरी हजारो हात एका तालात वर जातात तेव्हा अंगावर काटा येतो. (हेडफोन हवेतच, शेजारी कंडक्टर ओरडत असतो.)

आणखी एक खटकतं. फ्रेडी शिकला आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत. त्याचा पहिला बँड 'द हेक्टिक्स' तिथलाच. सिनेमा मात्र थेट लंडनमध्ये सुरू होतो. पाचगणीवर कुणी डॉक्युमेंटरी केली, तर पहिला प्रेक्षक मी.